जेटमधून उतरून छोट्या विमानात: एअरलाइन पायलटने कागदावर आणि हाताने तयार कसं राहायचं

मी इन्स्ट्रक्टर म्हणून छोट्या विमानाच्या उजव्या सीटवर बसतो. डाव्या सीटवर बऱ्याचदा एअरलाइनचे कॅप्टन असतात, हजारो तास उडालेले. पहिल्या लँडिंगला जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एकच गोष्ट होते. धावपट्टी अजून बरीच खाली असते आणि नाक वर येऊ लागतं. वेग उतरतो, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, शिटी वाजते, आणि विमान धप्पकन खाली बसायच्या बेतात असताना कुणाला तरी पॉवर द्यावी लागते. वर्षानुवर्षांच्या सवयीतून ही चूक होते, म्हणूनच ती सुटायला नवशिक्याच्या चुकीपेक्षा जास्त वेळ लागतो.

सुट्टीच्या दिवशी सेसना किंवा पायपर उडवू इच्छिणाऱ्या, किंवा निवृत्तीनंतर पुन्हा छोट्या विमानाकडे वळणाऱ्या एअरलाइन पायलटसाठी हा लेख आहे. नियम अमेरिकेचे, म्हणजे तिथल्या विमान नियामक संस्थेचे, एफएएचे घेतले आहेत, कारण छोट्या विमानांचं सगळ्यात मोठं जग तिथे आहे. युरोपचा फरक पुढे येईल. दुसऱ्या देशात आकडे बदलतील, पण कोणते प्रश्न विचारायचे ते तेच राहतात.

पायरी पहिली: परवाना काढून नीट वाचा

कंपनीत तुमचे कागद सांभाळायला माणसं असतात. इथे ते काम तुमचंच, म्हणून सुरुवात परवान्यापासून करा. बहुतेक एअरलाइन पायलटांचा एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) परवाना मल्टिइंजिन लँडसाठी, म्हणजे जमिनीवर उतरणाऱ्या एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांसाठी असतो आणि त्याखाली सिंगल-इंजिन लँडसाठी कमर्शियल प्रिव्हिलेज लिहिलेलं असतं. तेवढं असेल तर सेसना १७२ साठी पुरेसं आहे. सैन्यातून थेट एअरलाइनमध्ये गेलेल्या काहींच्या परवान्यावर सिंगल-इंजिन नसतंच. त्यांना आधी ते रेटिंग मिळवावं लागतं. जेटचे तास कितीही असले तरी त्यात सूट नाही.

मग एन्डॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात सही करून दिलेली मंजुरी, पाहा. २०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन असेल तर हाय-परफॉर्मन्स, आत जाणारी चाकं, फ्लॅप आणि बदलत्या पिचचा प्रोपेलर असेल तर कॉम्प्लेक्स, शेपटीला चाक असेल तर टेलव्हील. प्रत्येक एन्डॉर्समेंट एकदाच घ्यावी लागते, पण ती लॉगबुकात असावी लागते. वीस वर्षांपूर्वीचं ते लॉगबुक माळ्यावर कुठल्यातरी खोक्यात पडलेलं असतं. ते आधी शोधा.

मेडिकल: एकाच कागदाचे तीन जन्म

एटीपीच्या कामासाठी फर्स्ट-क्लास मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, लागतं. चाळिशीच्या आत ते १२ महिने चालतं, नंतर ६ महिने. मुदत संपली म्हणून कागद रद्द होत नाही, त्याचा दर्जा खाली उतरतो. थर्ड-क्लासच्या कामासाठी, म्हणजे स्वतःच्या आनंदासाठी उडण्यासाठी, तेच मेडिकल चाळिशीच्या आत ६० महिने आणि चाळिशीनंतर २४ महिने चालतं.

अमेरिकेत एअरलाइन पायलट ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. त्यानंतर बऱ्याच जणांना नेहमीच्या मेडिकलऐवजी १ मे २०१७ पासून सुरू झालेलं बेसिकमेड सोयीचं पडतं. साध्या डॉक्टरकडून दर ४८ महिन्यांनी तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन कोर्स, एवढंच. अट एक: १४ जुलै २००६ नंतर कधीतरी तुमच्याकडे एफएएचं वैध मेडिकल असलेलं हवं. २०२४ च्या कायद्याने त्याची मर्यादा वाढली. आता १२,५०० पौंडांपर्यंतचं विमान, ६ प्रवासी, १८,००० फूट आणि २५० नॉटपर्यंत चालतं. पैसे घेऊन उडण्यासाठी मात्र ते चालत नाही.

फ्लाइट रिव्ह्यू: इथे एअरलाइनवाल्याला सूट आहे, आणि तिथेच फसगत होते

नियमाप्रमाणे दर २४ कॅलेंडर महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू हवा: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत, इन्स्ट्रक्टरबरोबर. पण त्या काळात तुम्ही मान्यताप्राप्त चेक एअरमनकडून (परीक्षक पायलटकडून) प्रॉफिशिएन्सी चेक पास केला असेल तर वेगळा रिव्ह्यू लागत नाही. म्हणजे कंपनीच्या सिम्युलेटरमधला तुमचा चेक कायद्याने सेसनासाठीही चालतो.

आता त्या चेकमध्ये काय झालं ते आठवा. व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवत नाहीत त्या वेगाला, इंजिन गेलं, एका इंजिनावर अप्रोच केला, कमी दृश्यतेत उतरलात. त्यात क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) एक पंख खाली धरणं नव्हतं. इंजिन बंद पडल्यावर शेत निवडणं नव्हतं. पार्ट ९१ चे, म्हणजे खासगी उड्डाणांनाही लागू असलेले, बदललेले नियमही नव्हते. कायदा म्हणतो चालेल, मी म्हणतो इन्स्ट्रक्टरबरोबर एक खरा रिव्ह्यू घ्याच. सूट वापरायचीच असेल तर चेकची तारीख स्वतःच्या लॉगबुकात लिहून ठेवा. कंपनीच्या चेकमुळे तुमच्या लॉगबुकात आपोआप काही उमटत नाही, आणि विचारणा झाली की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

एफएएचा विंग्ज कार्यक्रमही याच कामी येतो. त्याची बेसिक पातळी पूर्ण केली, म्हणजे ज्ञानाचे तीन आणि उड्डाणाचे तीन भाग, की फ्लाइट रिव्ह्यूची जागा भरते. मला हा रस्ता जास्त आवडतो, कारण काम एका दुपारी न उरकता वर्षभर विभागलं जातं.

तीन लँडिंगचा हिशेब

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत, कंट्रोल फक्त तुमच्या हातात असताना, आणि त्याच कॅटेगरीच्या (विमान की हेलिकॉप्टर) व त्याच क्लासच्या (एक इंजिन की जास्त) विमानात. तुमचं बोइंग ७३७ हे मल्टिइंजिन लँड. सेसना १७२ हे सिंगल-इंजिन लँड. मागच्या तीन महिन्यांत ७३७ ची साठ लँडिंग केली असतील तरी सेसनात बायकोला शेजारी बसवण्यासाठी त्यातलं एकही धरलं जात नाही. पार्ट १२१ च्या, म्हणजे एअरलाइनच्या नियमांखाली उडणाऱ्या, पायलटांना या नियमातून एक सूट आहे, पण ती कंपनीसाठी उडताना. रविवारच्या सेसनाला ती लागू नाही.

एकट्याने उडायला मात्र ही ९० दिवसांची अट नाही. म्हणून अनेक जण एकटे जातात, तीन फेऱ्या मारतात आणि मग घरच्यांना घेतात. कायद्यात हे बसतं. पण आठ महिन्यांनी सेसनात बसणाऱ्याने हे करू नये. इन्स्ट्रक्टरला बरोबर घ्या. तो शिकवत असताना प्रवासी धरला जात नाही, त्यामुळे ती तीन लँडिंग त्याच्यासोबतच होतात आणि काही चुकलं तर सांगायला माणूस असतो. टेलव्हील विमानात ही तिन्ही लँडिंग पूर्ण थांबून आणि टेलव्हील विमानातच करावी लागतात.

रात्रीसाठी वेगळा हिशेब. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंतच्या वेळेत तीन टेकऑफ, तीन लँडिंग, प्रत्येक वेळी पूर्ण थांबून. इथे ‘रात्र’ या शब्दाच्या तीन व्याख्या एकत्र येतात. विमानाचे दिवे सूर्यास्ताला लावायचे, लॉगबुकात रात्रीचा वेळ संधिप्रकाश संपल्यावर धरायचा, आणि प्रवाशांसाठीची करन्सी, म्हणजे ही तीन लँडिंग, सूर्यास्तानंतर एक तासाने मोजायची. लांब पल्ल्याच्या विमानांवर काम करणारे माझ्याशी या बाबतीत हमखास वाद घालतात, मग नियम उघडून बघतात आणि गप्प होतात.

इन्स्ट्रुमेंटची, म्हणजे ढगात फक्त उपकरणांवर उडण्याची, बाजू तुमच्या सोयीची आहे. मागच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या) आणि कोर्स पकडून त्यावर राहणं हवं. हे कॅटेगरीवर मोजलं जातं, म्हणजे विमान एवढंच पुरे, इंजिन किती ते बघत नाहीत. त्यामुळे जेटचे अप्रोच चालतात. पण ते खऱ्या ढगात किंवा कृत्रिमरीत्या नजर झाकून केलेले हवेत. स्वच्छ आकाशात आयएलएसवर (धावपट्टीच्या रेडिओ मार्गदर्शनावर) उतरलात तर तो अप्रोच मोजत नाही. आणि कागदावर आयएफआर, म्हणजे उपकरणांवर उडायला पात्र, असलात तरी भाड्याच्या सेसनातलं जीपीएस तुम्हाला ओळखत नाही. पहिल्यांदा ढगात शिरण्याआधी जमिनीवर वीज लावून त्या डब्याची बटणं शिका.

युरोपात हिशेब असा

ईएएसएच्या, म्हणजे युरोपच्या विमान नियामक संस्थेच्या, नियमांत सिंगल-इंजिन पिस्टनचं क्लास रेटिंग दोन वर्षांचं असतं. ते नूतन करायला शेवटच्या १२ महिन्यांत त्या क्लासचे १२ तास, त्यातले ६ पायलट-इन-कमांड, १२ टेकऑफ आणि १२ लँडिंग, शिवाय इन्स्ट्रक्टरबरोबर किमान एक तास रिफ्रेशर. दुसऱ्या कुठल्या क्लासची किंवा टाइपची प्रॉफिशिएन्सी चेक दिली असेल तर रिफ्रेशरच्या तासातून सूट आहे. इथेही तीच गोष्ट, सिम्युलेटरचा चेक वाट मोकळी करतो. तो तास तरीही उडा. ९० दिवसांत तीन लँडिंगची अट तिथेही आहे.

कंपनी, विश्रांती आणि एकच परवाना

ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये बाहेरच्या उड्डाणाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही कंपन्यांना पैसे घेऊन केलेल्या कामासाठी आधी परवानगी हवी असते. एअरलाइन पायलटांच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नियमांत, पार्ट ११७ मध्ये, ६७२ तासांत १०० आणि ३६५ दिवसांत १,००० उड्डाण-तासांची मर्यादा आहे. स्वतःसाठी केलेलं उड्डाण त्यात मोजलं जात नाही. पण ड्युटीवर येताना तुम्ही ताजेतवाने आहात याची जबाबदारी तुमचीच, आणि रविवारी दिवसभर उन्हात धावपट्टीभोवती सर्किट मारून सोमवारी पहाटे चारला साइन-इन करणाऱ्याला ते स्वतःलाच कळतं. दारूसाठी आठ तासांचा आणि ०.०४ टक्क्यांचा नियम छोट्या विमानालाही तसाच आहे. कंपनीचा नियम त्याहून कडक असेल तर तोच घरीही पाळा, म्हणजे डोक्यात दोन आकडे राहत नाहीत.

ही गोष्ट मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो: परवाना एकच आहे. छोट्या विमानात बंदी असलेल्या हद्दीत शिरलात तर एफएएची कारवाई त्याच एटीपीवर होते, ज्यावर तुमचं घर चालतं. कंपनीचा अहवाल देण्याचा कार्यक्रम त्या खासगी उड्डाणाला सहसा संरक्षण देत नाही. म्हणून नासाचा सेफ्टी रिपोर्ट भरायची सवय लावा. १९७६ पासून ही व्यवस्था आहे. नकळत घडलेल्या, अपघात नसलेल्या चुकीचा अहवाल १० दिवसांत दिला तर दंडापासून वाचण्याची शक्यता असते. चूक झाली तर त्याच संध्याकाळी भरा.

विमानाचे कागदही आता तुमचेच

एअरलाइनमध्ये लॉग पाहिला, सही केली, निघालो. भाड्याच्या किंवा क्लबच्या विमानात विचारायचे प्रश्न हे: बारा महिन्यांची वार्षिक तपासणी केव्हा झाली? भाड्याने किंवा शिकवणीला वापरतात तर १०० तासांची तपासणी केव्हा? ट्रान्सपॉन्डर २४ महिन्यांत तपासलाय का? आयएफआर उडायचं असेल तर अल्टिमीटर आणि स्टॅटिक प्रणाली २४ महिन्यांत? अपघातात सिग्नल देणारा ईएलटी १२ महिन्यांत? व्हीओआर (रेडिओ दिशादर्शक) वापरणार असाल तर ३० दिवसांतली तपासणी? आणि विमा. विमा कंपनी अनेकदा त्या विशिष्ट मॉडेलमधले तास विचारते, तुमचे एकूण तास नाही. क्लबचा चेकआउट, म्हणजे त्यांच्या इन्स्ट्रक्टरबरोबरचं चाचणी उड्डाण, याच कारणाने घ्यावा लागतो. तो मनाला लावून घेऊ नका.

आता मूळ मुद्दा: हात, पाय, डोळे

नियम तासाभरात आटोपतात. खरं काम पुढे आहे.

डोळ्यांपासून सुरुवात करू. ७४७ ची चाकं टेकतात तेव्हा पायलटचे डोळे जमिनीपासून ३० फुटांहून जास्त वर असतात. सेसना १७२ मध्ये ते उभ्या माणसाच्या डोळ्यांइतकेच वर असतात. तुमच्या मेंदूत फ्लेअरचं, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याचं, चित्र त्या वरच्या उंचीचं बसलेलं आहे, आणि ते चित्र दिसताच हात मागे येतो. त्यात जेटमध्ये पन्नास, तीस, वीस, दहा असं कुणीतरी मोजून सांगतं. इथे आवाज नाही. उपाय सोपा आहे, पण चिकाटी लागते. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या, पॉवर कमी करा आणि विमान जमिनीजवळ सपाट धरून ठेवा. उतरवायचा प्रयत्न करू नका, उतरू न देण्याचा करा, वेग संपेपर्यंत. त्याआधी एक व्यायाम करून घ्या. इन्स्ट्रक्टर थोडी पॉवर ठेवून धावपट्टीवर काही फूट उंचीवर विमान लांबवर नेतो आणि तुम्ही फक्त बाहेर बघता. चार-पाच वेळा केलं की डोळ्यांना नवं चित्र बसतं.

पायांचं काय? जेटमध्ये नाकाचं डावं-उजवं हलणं आपोआप आवरणारा यॉ डॅम्पर असतो, पाय जमिनीवर टेकलेले असतात. छोट्या विमानात पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे जातं, उजवा रडर मागतं. वळणात बॉल (विमान घसरतंय का ते दाखवणारी गोळी) बाहेर पळतो. क्रॉसविंडमध्ये वाऱ्याकडचा पंख खाली आणि उलटा रडर धरूनच टेकायचं असतं. बहुतेकांची सवय शेवटच्या क्षणी विमान सरळ करून टेकायची असते. इथे टेकल्यावरही एलेरॉन वाऱ्याकडे धरून ठेवावा लागतो, कारण विमान हलकं आहे आणि वारा त्याला अजून उचलू शकतो. सेसना १७२ एस चा दाखवलेला क्रॉसविंड १५ नॉट आहे. जेटवर तुम्ही याच्या दुपटीत उतरला असाल, तरी १५ हा आकडा इथे गांभीर्याने घ्या.

स्लिप करायला, म्हणजे विमान तिरकं धरून वेग न वाढवता उंची कमी करायला, पुन्हा शिका. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून हवेतच ग्लायडर झालं. कॅप्टन बॉब पीअर्सन यांनी गिमलीच्या जुन्या तळावर ते स्लिप करून उतरवलं. ते ग्लायडर पायलट होते, ते कौशल्य त्यांच्या हातात होतं. ते जेटमध्ये त्या दिवशी उपयोगी पडलं, पण तयार झालं होतं छोट्या विमानात.

वेगाचं गणित वेगळं आहे. १७२ एस मध्ये पूर्ण फ्लॅपने साध्या लँडिंगचा वेग ६० ते ७० नॉट. जेटवर सुरक्षेसाठी पाच-दहा नॉट वाढवणं हे १४० मध्ये मावतं. इथे ६२ ऐवजी ७२ ठेवलात तर विमानाची ऊर्जा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढते, आणि अर्धी धावपट्टी तरंगण्यात जाते. उतरण्याचा दरही बदलतो. तीन अंशांच्या उतारावर १४० नॉटला मिनिटाला साधारण ७०० फूट, ६५ नॉटला ३२५. चौदा वर्षं ७०० पाहिलेल्या डोळ्याला ३२५ मध्ये काहीच घडत नाही असं वाटतं आणि हात पॉवर काढतो. सर्किट छोटं ठेवा. इंजिन गेलं तर धावपट्टीपर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा, फायनल, मैलोनमैल लांब असेल तर ते शक्य होत नाही.

गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, वेगळा सराव मागतो. पूर्ण फ्लॅप आणि लँडिंगचा ट्रिम असताना पूर्ण पॉवर दिली की सेसनाचं नाक स्वतःहून वर उसळतं. पुढे जोर लावायचा, उजवा रडर द्यायचा, फ्लॅप टप्प्याटप्प्याने काढायचे. जेटचा पायलट कळ दाबून नाक पंधरा अंशांवर नेतो. हे इथे केलं तर स्टॉल होतो. हा सराव पहिल्याच उड्डाणात करून घेतो, आणि निम्म्या लोकांचा हात पहिल्या वेळी चुकतो.

इंजिन एकच आहे

जेटमध्ये व्ही-वननंतर एक इंजिन गेलं तरी वर जायचं हे शिकून शिकून अंगात भिनतं. सिंगल-इंजिनात तो विचार घातक आहे. टेकऑफनंतर इंजिन थांबलं तर पहिली हालचाल नाक खाली, लगेच, मनाला पटो न पटो. १७२ एस मध्ये फ्लॅप वर असताना ७० नॉट, खाली असताना ६५. मागे वळून धावपट्टीवर परतण्याचा मोह माणसं मारतो. समोरच्या पसरट पट्ट्यात काय आहे ते टेकऑफआधीच पाहून ठेवा आणि कोणत्या उंचीखाली वळणार नाही तो आकडा मोठ्याने बोला. सर्वोत्तम ग्लाइडचा वेग ६८. त्यानंतर शेत, मग इंधन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण).

दोन इंजिनांच्या छोट्या विमानाबद्दल गैरसमज जास्त आहेत, कारण ते जेटसारखं दिसतं. एक इंजिन गेलं की चढण्याची ताकद निम्मी होत नाही, ८० टक्के किंवा जास्त जाते. जुन्या प्रमाणपत्राच्या, ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट किंवा कमी स्टॉल-वेगाच्या विमानांना एका इंजिनावर चढता येण्याची अटच नव्हती. एका इंजिनावर ताबा राहील असा किमान वेग वेगमापकावर लाल रेषेने दाखवलेला असतो; त्याखाली वेग गेला तर विमान चालू इंजिनाच्या जोराने उलटू शकतं. छोट्या ट्विनमध्ये बसायचं तर वेगळे काही तास घ्या, जेटचे तास तिथे सगळ्यात कमी कामी येतात.

इंजिनाच्या रोजच्या गोष्टीही विसरलेल्या असतात. मिक्श्चर, फ्युएल सिलेक्टर, मॅग्नेटो तपासणी, टाकीच्या तळाचं पाणी काढणं. इंधन किती आहे ते काठी घालून बघायचं, काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. जुन्या १७२ मध्ये कार्ब्युरेटर असतो आणि २१ अंशांखालच्या दमट हवेत त्यात बर्फ होऊ शकतो. नव्या १७२ एस मध्ये इंधन-इंजेक्शन आहे, त्यामुळे तो त्रास नाही, पण गरम इंजिन पुन्हा चालू करणं ही एक वेगळीच कला आहे. ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली आहे, आधी वाचून जा.

डिस्पॅचर नाही, को-पायलट नाही

हवामान, नोटॅम (पायलटांसाठीच्या तातडीच्या सूचना), वजन, इंधन, पर्यायी विमानतळ, हे सगळं एअरलाइनमध्ये कुणीतरी मांडून देतं. इथे तुम्ही स्वतः. वजनाचा हिशेब एकदा पाटी-पेन्सिलने करा. १७२ एस चं कमाल वजन २,५५० पौंड. वापरता येण्याजोगं ५३ गॅलन इंधन म्हणजे ३१८ पौंड. कमाल वजनातून रिकाम्या विमानाचा आणि इंधनाचा आकडा वजा केला की टाक्या भरल्यावर साधारण तीन मोठी माणसं आणि थोडं सामान उरतं. चार सीट दिसतात म्हणून चार माणसं आणि पूर्ण टाकी असं बसत नाही. बाहेर बघून (आयएफआरशिवाय) उडताना दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं राखीव इंधन हा कायद्याचा तळ आहे. मी स्वतः तासाखाली उतरत नाही, आणि तुम्हीही तोच आकडा धरा.

सेसनाला बर्फाचं संरक्षण नाही. वादळाला रडारने वळसा घालणारा तुमचा हात इथे निरुपयोगी आहे, कारण रडारही नाही आणि २५० नॉटचा वेगही नाही. जेटच्या मागून उतरणार असाल तर त्याच्या वाटेच्या वर राहा आणि त्याने टेकल्या जागेच्या पुढे टेका. टॉवर नसलेल्या विमानतळावर तुम्हीच स्वतःची बातमी द्यायची असते. त्या लहेजात बोलायला थोडा सराव लागतो. आणि बाहेर बघायचं. रेडिओ आणि टक्कर टाळायला इशारा देणारं टीकॅस या दोघांनी मिळून तुमचे डोळे आत वळवलेले असतात, तर समोरच्या विमानात रेडिओ असेलच असं नाही.

एकटं असण्याची मात्र एक चांगली बाजू आहे. तुमची चांगली सवय बरोबर आणा. चेकलिस्ट हाताच्या ओघाने करून मग वाचून पडताळा, उंची, वेग आणि हेडिंग मोठ्याने बोला, अप्रोच ३०० फुटांवर स्थिर नसेल तर गो-अराउंड करा. त्या शिस्तीत तुम्ही छोट्या विमानाच्या नेहमीच्या पायलटपेक्षा पुढे आहात, आणि मी तेवढं मोकळेपणाने सांगतो.

परतीचा क्रम

पहिलं उड्डाण वारा शांत असताना ठेवा. जमिनीवर तासभर मॅन्युअल वाचून वेगाचे आकडे पाठ करा. हवेत आधी हळू उडणं, स्टॉल, तीव्र वळणं आणि गो-अराउंड. लँडिंग शेवटी, आणि थकवा दिसला की थांबा. दुसरं उड्डाण सर्किटचं: फ्लॅपशिवाय, इंजिन मागे ओढून, छोट्या धावपट्टीवर, स्लिप करून. तिसऱ्यात मुद्दाम वाऱ्याचा दिवस निवडा आणि इंजिन बंदचा सराव करा. चौथ्यात एका अनोळखी, टॉवर नसलेल्या विमानतळाला जाऊन या, इन्स्ट्रक्टर बरोबर असतानाच. मग एकट्याने एक तास. त्यानंतर घरचे.

हे चार उड्डाणांत कुणाचं होतं, कुणाला सहा लागतात. सहा लागले तर त्यात कमीपणा नाही. कुणाला तासांची मोजदाद हवी असेल तर सांगतो, कॅप्टन असला तरी मी त्याला निदान पाच तासांचं बजेट काढायला लावतो.

पुढचं टिकवायचं कसं

महिन्यातून एकदा तासभर उडा आणि त्यात निदान सहा लँडिंग ठेवा, दोन वाऱ्याच्या. दर तीन महिन्यांनी एक उड्डाण फक्त सरावासाठी, प्रवासी नको. वाऱ्याची, ढगांच्या उंचीची आणि दृश्यतेची स्वतःची मर्यादा कागदावर लिहून फ्लाइट बॅगेत ठेवा, आणि तो कागद कंपनीच्या आकड्यांवरून लिहू नका. पहिल्या वर्षी माझी सूचना अशी असते: क्रॉसविंड ८ नॉट, ढगांचा तळ ३,००० फूट, दृश्यता ५ मैल, रात्र नको. आकडे हळूहळू वाढवा, पण एका वेळी एकच.

४५ दिवस छोट्या विमानात बसलो नाही असं लक्षात आलं तर कायद्याला विचारू नका, इन्स्ट्रक्टरला फोन करा. ९० दिवसांत अजून निम्मे शिल्लक आहेत असं कॅलेंडर म्हणेल, पण पायांना ते ठाऊक नसतं. अर्ध्या तासाचं उड्डाण, तीन लँडिंग, लॉगबुकात एक ओळ, तारीख आणि विमानाचा क्रमांक लिहून.